धुतलेली

४ फेब्रुवारी

ही डायरी मालकीणबाईंनी दिली. मागच्या वर्षीची आहे, कुठल्या तरी कंपनीने फुकट वाटलेली. काल मी बाटलीच्या चिठ्ठीवर 'गुलाब'च्या जागी 'गुलाप' लिहिलं. त्या म्हणाल्या, "बाई गं, हे वाचून गिऱ्हाईक पळेल. रोज काहीतरी लिहीत जा, हात सुधारेल. काय वाटेल ते लिही, मला दाखवू नकोस."

म्हणून लिहितेय. दुकान बायकांच्या सामानाचं आहे. मी सेंटच्या काउंटरला. शेजारी लिपस्टिकच्या काउंटरला एक बाई आहे, तिला सगळे लिपस्टिकवालीच म्हणतात. तिच्या तोंडाला झाकण नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "अशी काय उभी राहतेस, चोरी केल्यासारखी?"

मी अशीच उभी राहते. मला वाटतं बाटली पडेल. मला वाटतं घरी बबडी पडेल. बबडी माझी मुलगी, अजून वर्षाची नाही, नुकती रांगायला लागलीय. माझं दूध लवकर आटलं, ती वरच्या दुधावर आहे. सासूबाई म्हणाल्या, "आता तुझं घरात काम काय? बाटली तर कोणीही पाजेल." खरंच आहे ते. म्हणून नोकरी धरली. बबडीला दिवसभर ताई बघतात. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. सासर सोडून आल्यात. मूलबाळ नाही.

७ फेब्रुवारी

दुकानात दर महिन्याला एक सेंट पुढे मांडतात आणि आम्ही तोच मारून उभं राहायचं. ह्या वेळचा स्वस्तातला आहे. खोक्यावरचं नाव परदेशी, ते मालकीणबाईंनाही धड म्हणता येत नाही. लिपस्टिकवालीने त्याला नाव ठेवलं, धुतलेली. आधी फुलं येतात, पांढरी असावीत अशी. मग फुलं उडून जातात आणि मागे नुसता साबण राहतो. कोणीतरी आत्ताच आंघोळ करून शेजारून गेल्यासारखं.

मालकीणबाईंची एक रीत आहे. गिऱ्हाइकाला "आवडलं का" असं विचारायचं नाही. कागदाच्या पट्टीवर फवारा मारायचा, पट्टी हातात द्यायची आणि विचारायचं, "कोणाची आठवण येते?" आवडलं का विचारलं की बाई नाही म्हणते आणि चालू पडते. आठवण विचारली की थांबते. संध्याकाळी कोण काय म्हणालं ते मालकीणबाईंना सांगायचं.

आज एक म्हणाली, नवीन चादर. एक म्हणाली, दवाखान्यातली नर्स, सुई टोचायच्या आधी. एक कॉलेजची मुलगी नाक मुरडून म्हणाली, "ई, आमच्या शाळेच्या बाई. जाम मारायच्या." आणि तीच दोन बाटल्या घेऊन गेली. एक जाडजूड बाई पट्टी पुन्हा पुन्हा हुंगत राहिली. मग म्हणाली, "स्वस्त आहे ना? कळतंय," आणि पट्टी पर्समध्ये टाकून निघून गेली.

मालकीणबाईंनी अजून एक शिकवलं. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही, नाक थकतं. म्हणून बायका वरून वरून मारत राहतात आणि बाकीच्यांची डोकी उठतात.

घरी गेले तर बबडी रडत होती. मी हात धुवायच्या आधीच तिला घेतलं. तिने माझ्या मानेत नाक घातलं आणि गप्प झाली. तशीच झोपली. माझ्या अंगावर ती कधी अशी झोपत नाही. माझे पाय आखडले तरी मी हलले नाही.

१२ फेब्रुवारी

रोज झोपते. रोज मानेत नाक घालते आणि झोपते. ताई बघत होत्या. म्हणाल्या, "आज काय जादू केलीस गं?" मी म्हटलं, "काही नाही ताई, दमली असेल." त्या म्हणाल्या, "दिवसभर मी दमवते आणि झोपते तुझ्याकडे. मजा आहे तुझी."

हसत म्हणाल्या. मीही हसले.

१५ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज मला दारातच अडवलं. "तो घाणेरडा वास घेऊन पोरीला हात लावायचा नाही. श्वास कोंडतो तिचा. आधी आंघोळ, मग पोर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंचं नाक कायम चोंदलेलं असतं, दूध करपून काळं झालं तरी त्यांना पत्ता नसतो, ताई ओरडतात तेव्हा कळतं. आणि त्यांना माझा वास आला. म्हणजे किती मारला असेल मी. बबडीचा श्वास खरंच कोंडत असेल. झोपते म्हणून मी खूश होते, ती गुदमरून पडत असेल तर?

आता दुकानातून आल्या आल्या साध्या साबणाने आंघोळ. डोक्यावरून. दुकानाचा गुलाबी कोट बाहेरच काढायचा. ताई म्हणाल्या, "कोट दे माझ्याकडे, मी धुवून ठेवते. तू दमून येतेस." किती करतात त्या.

१८ फेब्रुवारी

ताईंना धुतलेलीची एक बाटली आणली. कामावरच्या बायकांना कमीत मिळते. परवा त्या म्हणाल्या होत्या, "आम्हाला कोण देणार सेंट? आम्ही आपल्या भांड्यांच्या साबणात खूश." मला वाईट वाटलं होतं. शिवाय कोट धुतात, बबडीला बघतात. त्यांचं मन सांभाळलेलं बरं.

ताईंनी बाटली उघडून हुंगली आणि मग माझ्याकडे बघितलं. मी सवयीने विचारलं, "कोणाची आठवण येते?"

"तुझी," म्हणाल्या.

मला इतकं बरं वाटलं. ह्या घरात पहिल्यांदा कोणी असं बोललं.

२३ फेब्रुवारी

बबडी माझ्याकडे रडते. आंघोळ करून, कपडे बदलून, स्वच्छ होऊन घेते तरी रडते. पाठ ताठ करते, मागे झोकून देते. मी हातातून सोडेन अशी भीती वाटते. ताईंकडे दिली की गप्प. ताई म्हणाल्या, "अगं, लळा लावावा लागतो. जन्म दिला म्हणजे आपोआप होत नाही ते."

सासूबाई म्हणाल्या, "दूधही नाही, लळाही नाही."

हे जेवत होते. ह्यांनी ताटातून मान वर केली नाही.

२७ फेब्रुवारी

आज कोट धुतलेला नव्हता. बबडीच्या पाळण्यात चुरगळून पडला होता, वर दुधाचे डाग. ताईंना वेळ झाला नसेल बिचाऱ्यांना. मी न सांगता धुवून टाकला. ताई चिडल्या. "तुला कोणी सांगितलं होतं? मी करतेय ना?" चूक झाली. त्यांच्या कामात हात घातलेला त्यांना आवडत नाही.

ताईंच्या अंगाला थोडा माझ्यासारखा वास येतो. कोट हाताळतात, त्याचा असेल.

५ मार्च

बबडी बोलली! "आ" म्हणाली. ताई बाटली धुवत होत्या आणि मी दारात चपला काढत होते. बबडी मध्ये बसली होती आणि म्हणाली, "आ."

मी म्हटलं, "आई म्हणाली!"

ताई हसल्या. "आत्या म्हणाली ती. सकाळपासून म्हणतेय. विचार आईला."

सासूबाई म्हणाल्या, "आत्याच. तू होतीस कुठे घरात?"

मी ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. हे म्हणाले, "दोन्हीत आ आहे. आता त्यावरून पण भांडा."

मग सगळेच हसले. मीही हसले. नंतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडातल्या तोंडात आई, आत्या, आई, आत्या म्हणून बघितलं. सुरुवातीला खरंच काही फरक नाही.

११ मार्च

ह्यांना दुसऱ्या गावाला नोकरी लागली. शीतगृह आहे मोठं, तिथली थंड करायची यंत्रं बघायची. राहायला खोली देणार. मला आनंद झाला. आपण तिघंच. मी तर मनात पडदे पण लावले.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं जा. पोर इथे राहील. तिकडे बस्तान बसलं की बघू."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "तसंच बरं पडेल. ताईची सवय आहे तिला. तिकडे तू एकटी, ती दिवसभर रडत बसली तर काय करशील?"

मी म्हटलं, "बघू म्हणजे कधी?"

ताई बबडीचे केस विंचरत होत्या. म्हणाल्या, "घाई काय आहे? तू तिकडे आधी स्वयंपाक तरी नीट शिक."

मी उठून कणीक मळायला घेतली.

१४ मार्च

आज मी रडले आणि म्हटलं, मी तिला सोडून नाही जाणार. कुठून तोंड फुटलं माहीत नाही. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ठीक आहे. उगाच आम्ही पोर हिसकावली असं नको व्हायला. रविवारी हा घरी असतो. सगळ्यांसमोर तिलाच ठरवू दे. एका बाजूला तू बस, एका बाजूला ही. जाईल तिची."

हे म्हणाले, "हे बरोबर आहे." सुटल्यासारखे म्हणाले.

म्हणजे मला संधी आहे. रविवारी मी लवकर उठून आंघोळ करणार. नखं कापणार. तिचा आवडता घंटेचा खुळखुळा घेणार.

१७ मार्च, रविवार

खुर्च्या बाजूला सारल्या. सासूबाईंनी बबडीला सतरंजीच्या मधोमध बसवलं. मी खिडकीपाशी, ताई दाराशी. हे भिंतीला टेकून उभे, हाताची घडी.

मी न्हाऊन आले होते. ताई म्हणाल्या होत्या, "साबण नीट लाव हं, दुकानाचा वास राहिला तर जवळ पण येणार नाही ती." दोनदा लावला.

मी खुळखुळा वाजवला. बबडी माझ्याकडे बघून हसली. दोन पावलं रांगली पण. मी हात पुढे केले. माझ्या हातापाशी आली, बोटाला नाक लावलं आणि थांबली. चेहरा असा केला, जसा आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो की करतो. मग वळली. ताईंनी हाकसुद्धा मारली नव्हती. नुसता हात पुढे करून बसल्या होत्या. बबडी भराभर गेली आणि त्यांच्या मानेत नाक घातलं.

"आ," म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, "झालं समाधान?"

ह्यांनी खुर्च्या परत जागेवर लावल्या.

माझ्यातच काहीतरी कमी आहे. आईपण अंगात असावं लागतं म्हणतात, ते माझ्या अंगात नाही. नाहीतर इतकी जवळ येऊन कोण परत जाईल?

१९ मार्च

नोकरी सोडतेय म्हणून मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता कुठे गुलाब नीट लिहायला लागलीस." मग म्हणाल्या, कंपनीने धुतलेली बंद केली. आता माल येणार नाही. दुकानात जे होतं ते कालच संपलं, काचेत मांडलेल्या बाटल्या तेवढ्या राहिल्या. त्या नुसत्या पाण्याच्या असतात. रिकाम्या बाटलीचं झाकण फिरवून काढायचं आणि आत किंचित रंगाचं पाणी भरायचं. फवाऱ्याच्या तोंडाला वास राहतो, त्यामुळे हुंगणाऱ्याला खरीच वाटते. मीच भरायचे त्या.

जेवताना लिपस्टिकवालीने विचारलं, "पोर ठेवून चाललीस? वेडी का तू?"

मी रविवारचं सगळं सांगितलं. तिने डबा बंद केला.

"तुझी नणंद म्हणजे हनुवटीवर तीळ असलेली? उंच? पोर कडेवर?"

"हो."

"तू सुट्टीवर होतीस तेव्हा आलेली इथे. धुतलेलीची दुसरी बाटली घेतली, शेवटून दुसरी होती. मी पट्टी द्यायला लागले तर म्हणाली, मला माहितीये, पट्टी नको. तरी मी आपलं तुमचं ते विचारलं, कोणाची आठवण येते? तर म्हणते, मला नाही कोणाची येत. ही ह्याच्यावर झोपते. आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला."

मी म्हटलं, "ताई? पण श्वास कोंडतो ना तिचा?"

लिपस्टिकवाली म्हणाली, "तुला कोणी सांगितलं आंघोळ करायला?"

"सासूबाईंनी."

"आणि सासूबाईंच्या कानात कोणी सांगितलं?"

दुपारभर मी गिऱ्हाइकांना चुकीच्या पट्ट्या दिल्या.

२० मार्च

ताई शेजारी गेल्या होत्या. त्यांच्या कपाटात, रुमालांच्या खाली धुतलेली. मी दिलेली संपलेली, ही दुसरी. जेमतेम वापरलेली. मी झाकण फिरवलं आणि आतलं सगळं औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून घेतलं. मग रंगाचं पाणी करून भरलं. बोटाने तोंड पुसून बघितलं, वास येत होता. दुकानात केलं होतं तसंच केलं. एक थेंबही सांडला नाही. ह्याचं मला आश्चर्य वाटलं.

मी वाईट काही केलं नाही. माझंच होतं, ते परत घेतलं.

२२ मार्च

ताई रोज सकाळी मारतात. मानेला, मनगटाला. मला आता आवाज कळतो, फस् फस्. त्यांना काही कळलेलं नाही. नाक थकलेलं असतं ना.

बबडी सकाळी त्यांच्याकडे गेली, मानेत नाक घातलं आणि वर बघितलं. परत घातलं. मग रडायला लागली. दिवसभर रडली म्हणे. संध्याकाळी मी आले तेव्हा ताईंचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "दात येत असतील."

मी म्हटलं, "हो, दातच असतील."

माझ्याकडेही रडते. पण मला आता तेवढं लागत नाही.

२४ मार्च

कोणाकडेच राहत नाही. रडून रडून आवाज बसलाय तिचा. दूध पीत नाही. गाल उतरलेत. मी औषधाची बाटली दुकानाच्या पिशवीत ठेवलीय. एक थेंब लावला तर झोपेल. पण आत्ता लावला तर ताईंना कळेल. पुढच्या रविवारपर्यंत थांबायला हवं. रविवारी आम्ही निघणार.

सासूबाई आज ताईंना म्हणाल्या, "तुझ्याच अंगाला काहीतरी आहे. तिकडे टिकलं नाही, इकडे पण टिकत नाही. पोरालासुद्धा कळतं."

ताईंनी बबडीला खाली ठेवलं. मी भाजी चिरत होते. खरं लिहायचं तर मला आतून गार वाटलं. सासूबाईंचं असलं बोलणं दुसऱ्या कोणाला लागतंय, हे मी ह्या घरात पहिल्यांदा बघितलं.

२६ मार्च

ताई मोरीपाशी उभ्या राहून हात घासत होत्या. कोपरापर्यंत लाल झाले होते. मला हाक मारली. दार लोटलं आणि मनगट माझ्या नाकाशी धरलं.

"खरं सांग हं. माझ्या अंगाला काही वास येतो का गं? कसला घाण?"

मी हुंगलं. भांड्यांचा साबण आणि बाई. बाकी काही नाही.

"नाही ताई. छान येतोय. धुतलेलीचाच."

"येतोय ना? मग ती अशी का करते?" आणि त्या बोलून गेल्या ते त्यांच्या लक्षात आलं. माझ्याकडे बघितलं. मी तोंड अगदी भोळं ठेवलं. ते मला येतं, तसंच आहे माझं तोंड.

"मला काय कळतं ताई," मी म्हटलं, "तुम्हीच म्हणता ना, लळा लावावा लागतो."

३१ मार्च, रविवार

सामान बाहेर ठेवलं होतं. मी म्हटलं, जाण्याआधी एकदा परत बघू या का? मागच्या वेळेसारखं. सगळ्यांसमोर. म्हणजे माझ्या मनाला चुटपुट नको.

सासूबाई वैतागून होत्या, पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. म्हणाल्या, "बघा बाई, बघा."

मी आत जाऊन कानामागे लावलं. दोन्ही मनगटांना लावलं. औषधाची बाटली परत पिशवीत.

ह्या वेळी ताईंनी हाक मारली. "ये गं माझी राणी, ये. आत्या बघ, आत्या." आवाज फाटला होता त्यांचा. बबडी गेली त्यांच्याकडे. मानेशी गेली आणि किंचाळली. दोन्ही हातांनी ताईंचं तोंड ढकललं. ताई म्हणत होत्या, "अगं मी आहे, मी आहे."

मी नुसता हात पुढे केला.

बबडीचं रडणं मध्येच थांबलं. मान वळवली. रांगत आली, पडली, उठली, परत आली. माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि त्यावर नाक दाबलं. इतक्या जोरात की तिची शेंबडी उष्ण हवा मला लागत होती. मग मानेशी चढली.

"आ," म्हणाली.

"आई म्हणाली," हे म्हणाले. ह्यांचे डोळे भरले होते. "चल, घे तिचे कपडे. घेऊन जाऊ."

सासूबाई म्हणाल्या, "शेवटी रक्ताचं ते रक्ताचं."

ताई उठून आत गेल्या. मला वाटलं आता येणार नाहीत. पण आम्ही रिक्षात बसलो तेव्हा धावत आल्या. हातात त्यांची बाटली. माझ्या हातात कोंबली आणि खाली बघत भराभरा बोलल्या.

"हे घेऊन जा. तिला हा वास लागतो झोपताना. मानेला लाव. आंघोळ करून नको घेऊस तिला, आंघोळीनंतर लाव. मी... तुला आधी सांगायला हवं होतं. आणि रडली तर पाठीवर थोपटू नकोस, तिला नाही आवडत. तळपाय चोळ."

मी म्हटलं, "बरं ताई."

त्यांनी बबडीचा हात धरला तर तिने ओढून घेतला.

वळणावर पूल होता. हे पुढे रिक्षावाल्याला पत्ता समजावत होते. मी बाटली खाली टाकली. पाणी तर होतं.

९ एप्रिल

खोली बरी आहे. खिडकीतून शीतगृहाची भिंत दिसते, सगळा वेळ घुर्र असा आवाज येतो. पडदे लावले. हे सकाळी जातात. मी आणि बबडी.

रोज लावते. तळपाय चोळते. झोपते.

औषधाची बाटली अर्धी होती असं मला वाटलं होतं. तशी नाही.

१६ एप्रिल

इथल्या दुकानात विचारलं. पोरगी म्हणाली, ती बंद झाली मावशी, दुसरी दाखवू का, ह्यापेक्षा भारी आहे. पट्टी दिली. मी विचारणार होते, तू मला कोणाची आठवण येते असं का विचारत नाहीस. घरी येऊन बबडीच्या नाकाशी पट्टी धरली. तिने तोंड फिरवलं.

आता एक दिवसाआड लावते. थेंब पाण्यात कालवून. मधल्या दिवशी ती रडते, मी तिला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसते. मी सारखं सांगते, मी आई आहे, मी. ती माझ्या तोंडाकडे बघतच नाही, मानेशी शोधत राहते. असेल, लहान आहे अजून. सवय व्हायला वेळ लागतो.

२१ एप्रिल

बाटलीच्या तळाला एवढंसं राहिलंय. बाटली कलंडवली तर कोपऱ्यात जमतं. रोज उजेडात धरून बघते.

आज लावलं. हे घरी होते, मोरीत दाढी करत होते. बबडी माझ्या मनगटाला नाक लावून बसली, शांत. मग मान वर केली. मला वाटलं आता माझ्याकडे बघेल. तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. दाराकडे. दार बंद होतं. हसली, दोन्ही हात दाराकडे पसरले आणि मोठ्याने म्हणाली,

"आ."

आणि वाट बघत राहिली.

हे आतून ओरडले, "काय म्हणाली गं?"

मी म्हटलं, "आई म्हणाली."